चोचीने ऐकणारा गरुड

घरात येणाऱ्या भेटवस्तू दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार फिरतीवरचा. लेमन सेट, स्टीलचा डबा, कुठल्याशा मुंजीत मिळालेलं घड्याळ ही मंडळी वेष्टनासकट या घरातून त्या घरात जात राहतात आणि कधीकधी चार-पाच वर्षांनी मूळ मालकाकडे परत येतात. दुसरा प्रकार भिंतीवरचा. त्यावर देणाऱ्याचं नाव असतं आणि देणारा केव्हाही चहाला येऊ शकतो. त्यामुळे वस्तू कितीही कुरूप असो, भिंतीच्या रंगाशी तिचं उभं वैर असो, ती खिळ्यावरून उतरत नाही. दर दिवाळीला तिच्यावरून फडकं फिरतं. पण त्यावर नेमकं काय कोरलंय हे फडकं फिरवणाऱ्याला विचारलं तर त्याला सांगता येत नाही. भिंतीवरच्या भेटवस्तूमागची जागा ही घरातली सगळ्यात सुरक्षित जागा. तिथे पाल राहते, दुधाच्या हिशेबाची चिठ्ठी राहते, आणि मॉस्कोत तर सोव्हिएत हेरखातं सात वर्षं राहिलं.

तारीख ४ ऑगस्ट १९४५. हिटलर संपला होता, जपान संपायचा होता, आणि अमेरिका व सोव्हिएत संघ यांचं अजून ‘आमच्याकडे जेवल्याशिवाय जायचं नाही’ असं चाललं होतं. मॉस्कोतले अमेरिकी राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांच्याकडे शाळकरी मुलं आली, गळ्यात लाल रुमाल बांधणाऱ्या यंग पायोनियर संघटनेची. त्यांनी मैत्रीची खूण म्हणून एक लाकडी कोरीवकाम दिलं. अमेरिकेची राजमुद्रा. पंख पसरलेला गरुड, एका पंजात ऑलिव्हची फांदी, दुसऱ्यात बाणांची जुडी, छातीवर ढाल. कारागिराने जीव ओतला होता.

आता यातली अक्कल बघा. हीच वस्तू एखाद्या जनरलने दिली असती, तर अमेरिकनांनी ती उलटीपालटी करून, ठोकून पाहिली असती. परराष्ट्र खात्याने दिली असती, तर ‘फारच सुंदर’ म्हणून माळ्यावर टाकली असती. पण मुलांनी दिलेली वस्तू! ती काय मुलांसमोर करवतीने कापायची? शिवाय वर कोरलेली स्वतःच्याच देशाची राजमुद्रा. समोवार दिला असता तर तो स्वयंपाकघरात गेला असता, गालिचा दिला असता तर व्हरांड्यात. राजमुद्रा माळ्यावर टाकली तर राजदूताने स्वदेशाचाच अपमान केल्यासारखं. तिची जागा ठरलेली, साहेबांच्या अभ्यासिकेत, साहेब बसतात तिथे. म्हणजे जी गोष्ट बोलायला दार लोटून घेतात, त्याच खोलीत. या प्रकरणातलं इलेक्ट्रॉनिक्स थोर आहे, तिकडे येतोच. पण माझं मत विचाराल, तर त्याहून थोर तो अनाम माणूस, ज्याने ‘हे मुलांच्या हातून पाठवा’ असं सुचवलं.

ज्या घरात हा गरुड गेला ते स्पासो हाउस मुळातच मजेशीर. क्रांतीआधी व्तोरोव्ह नावाच्या धनाढ्य उद्योगपतीने ते बांधलं, आणि १९३३ पासून तिथे अमेरिकी राजदूत राहू लागले. १९३५ च्या वसंतात तिथे अशी मेजवानी झाली की पाहुण्यांत बकरीची करडं आणि अस्वलाचं पिल्लूही होतं. त्या पिल्लाला एका बड्या पाहुण्याने शॅम्पेन पाजली आणि ते एका सोव्हिएत सेनाधिकाऱ्याच्या गणवेशावर ओकलं, असं तेव्हा वकिलातीत असलेल्या चार्ल्स थेयर यांनी लिहून ठेवलंय. लेखक बुल्गाकोव त्या रात्री तिथे होते. पुढे त्यांच्या कादंबरीत सैतानाने दिलेली मेजवानी आली, तिचा उगम इथलाच म्हणतात. या पूर्वपीठिकेवर लाकडी गरुड म्हणजे अगदीच सभ्य पाहुणा. प्यायला नाही, ओकला नाही, कुणाला चावला नाही. नुसता ऐकत राहिला.

कुणाकुणाला ऐकलं? हॅरिमन गेले, जनरल वॉल्टर बेडेल स्मिथ आले. महायुद्धात आयझेनहॉवर यांचे चीफ ऑफ स्टाफ असलेला हा कडक माणूस १९४६ ते १९४८ गरुडाखाली बसला. १९५० मध्ये तो कशाचा प्रमुख झाला? सीआयएचा. म्हणजे जगभरच्या गुपितांचा ताबा ज्या माणसाकडे द्यायचा, त्याची उमेदवारी आधी रशियनांनी ऐकून घेतली होती. त्यानंतर ॲडमिरल ॲलन कर्क. मग १९५२ मध्ये जॉर्ज केनन. स्थलसेना, नौसेना, परराष्ट्र सेवा, सगळी खाती एकाच खिळ्याखाली. राजदूत बदलले, गरुड नाही बदलला.

अमेरिकन काही झोपलेले नव्हते. मॉस्कोत भिंतींना कान असतात हे तिथल्या प्रत्येक वकिलातीच्या स्वयंपाक्यालाही ठाऊक होतं. अधूनमधून तज्ज्ञ यायचे, पोपडे खरवडायचे, तारा शोधायचे, रिसीव्हर घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायचे. काही सापडायचं नाही. मग ‘घर स्वच्छ आहे’ असा शेरा मारून जायचे. तो शेराही बहुधा गरुडासमोरच उच्चारला जात असणार.

बिंग फुटलं ते तिसऱ्याच्या हातून. १९५१ मध्ये ब्रिटिश वकिलातीतला एक रेडिओ ऑपरेटर आपलं काम करत हवेतल्या लहरी चाळत बसला होता. त्याला मोकळ्या चॅनेलवर अमेरिकन माणसांचं बोलणं ऐकू आलं. रेडिओ कार्यक्रम नव्हे, आपापसातलं बोलणं. शेजारच्या घरातलं भांडण ऐकू आल्यावर भला माणूस जे करतो तेच ब्रिटिशांनी केलं. आधी नीट ऐकलं, मग कळवलं.

तरी सापडायला १९५२ चा सप्टेंबर उजाडला. केनन यांनी आठवणींत ती संध्याकाळ रंगवून सांगितली आहे. ते राजदूत म्हणून येण्याआधी घराची रंगरंगोटी झाली होती, तीही सोव्हिएत कामगारांकडून, कुणाच्या देखरेखीशिवाय. पुढच्या तपासण्यांत काहीच निघालं नाही, आणि काहीच न निघणं हेच त्यांना खटकलं. वॉशिंग्टनहून तंत्रज्ञ आले. त्यांनी सांगितलं, राजदूतसाहेब, तुम्ही अभ्यासिकेत बसा आणि नेहमीसारखं बोला. नेहमीसारखं म्हणजे काय बोलणार? साहेबांनी सेक्रेटरीला समोर बसवलं आणि एक जुना, आधीच छापून प्रसिद्ध झालेला खलिता खणखणीत आवाजात सांगायला सुरुवात केली. सात वर्षांत गरुडाने ऐकलेलं हे सगळ्यात बिनमहत्त्वाचं बोलणं, आणि त्यानेच त्याचा घात केला.

जोसेफ बेझ्जियन हा तंत्रज्ञ घरात यंत्र लावून हिंडत होता. मांडवात गायकाने माईक चुकून कर्ण्यासमोर नेला की जी किंचाळी उठते आणि पहिल्या रांगेतले आजोबा कानातलं यंत्र काढतात, तीच युक्ती त्याने वापरली. खोलीतला आवाज एखाद्या लहरीवर स्वार होऊन बाहेर पडत असेल, तर रिसीव्हर त्या लहरीवर आला की किंचाळणार. किंचाळला. माग काढत तो अभ्यासिकेत आला. खुणेनेच साहेबांना ‘बोलत राहा’ म्हणाला. राजमुद्रा भिंतीवरून उतरवली, आधी मागची भिंत हातोडीने फोडली, तिथे काही नाही म्हणून राजमुद्राच फोडली, आणि उत्तेजनाने थरथरत आतून एक चिमुकली वस्तू बाहेर काढली. केनन बिचारे तेवढा वेळ खलिता सांगतच होते. सरकारी खलित्यावर सरकारी हातोडीचे ठोके पडत असतानाही न थांबणारी अशी नोकरशाही आपण फक्त आपल्याकडेच आहे असं समजतो.

ती रात्र बेझ्जियनने ती वस्तू उशीखाली घेऊन काढली, असं सांगतात. रात्रीत कुणी परत पळवू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी घराचं वातावरण बदलल्याचं केनन यांना जाणवलं. फाटकावरचे पहारेकरी, नोकरचाकर, सगळ्यांचे चेहरे घट्ट. कुणी एक शब्द बोललं नाही, पण घरातलं माणूस गेल्यासारखं. पुढे ऑक्टोबरात सोव्हिएत सरकारने केनन यांनाच देशाबाहेर काढलं, पण त्याचं कारण वेगळं होतं. ते बर्लिनच्या विमानतळावर जे बोलले ते. आयुष्यातली गंमत म्हणजे गरुडासमोर इतकं जपून बोललेला माणूस पत्रकारांसमोर घसरला.

आता त्या वस्तूकडे येऊ. अमेरिकनांनी ती पाहिली आणि त्यांचं डोकं चालेना. कारण आत काही नव्हतंच.

साध्या छुप्या माईकला तीन गोष्टी लागतात. ऐकायला मायक्रोफोन, ऐकलेलं बाहेर पाठवायला ट्रान्समीटर, आणि दोघांना पोसायला बॅटरी किंवा तार. यांतला प्रत्येकजण चहाडखोर. तार भिंतीतून जाते, ती ओढत गेलं की दुसऱ्या टोकाला बसलेला सापडतो. बॅटरी संपते, मग ती बदलायला नळदुरुस्तीवाल्याच्या वेषात कुणाला तरी पाठवावं लागतं. ट्रान्समीटर तर रात्रंदिवस हवेत बडबडतो, त्यामुळे तो शोधणं सगळ्यात सोपं. या वस्तूत यांतलं काहीच नव्हतं. व्हॉल्व्ह नव्हता. ट्रान्झिस्टर असण्याचा तर प्रश्नच नाही, त्याला बेल लॅबमध्ये जन्म घ्यायला १९४७ चा डिसेंबर उजाडायचा होता. होती ती फक्त चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची एक डबी, जेमतेम वीस मिलिमीटर व्यासाची, आणि तिच्यात शिरलेली सुमारे तेवीस सेंटिमीटरची एक दांडी. सगळं मिळून वजन एकतीस ग्रॅम. घरात पडलेली दिसली असती तर आपण ‘हे मिक्सरचं आहे का?’ असं विचारून खणात टाकली असती.

ऐकायचं कसं मग? सतार किंवा सारंगी जवळून पाहिली असेल, तर मुख्य तारांखाली तरफांची ओळ दिसली असेल. त्यांना कुणी छेडत नाही. वर त्यांचा सूर लागला की त्या आपल्या आपण झंकारतात, दुसरा लागला की ढिम्म. या डबीचाही असा एक ठरलेला सूर होता, फक्त तो रेडिओ लहरींचा. रस्त्यापलीकडून कुठून तरी रशियन मंडळी नेमक्या त्या सुराच्या लहरींचा झोत घरावर सोडायची. झोत लाकूड ओलांडून दांडीवर पडायचा, डबी झंकारायची, आणि मिळालेल्या ऊर्जेतली थोडी त्याच दांडीतून परत बाहेर फेकायची. खोलीत शांतता असेल तर परत येणारी लहरही सपाट.

आता साहेब बोलले. आवाज गरुडाच्या चोचीखालच्या बारीक छिद्रांतून आत गेला. डबीचं झाकण म्हणजे ७५ मायक्रोमीटर जाडीचा धातूचा पडदा, तो आवाजाने थरथरला. पडद्याच्या अगदी जवळ, डबीच्या आत, भूछत्राच्या आकाराचा एक खांब उभा. त्याचं सपाट डोकं आणि पडदा यांच्यात केसाएवढं अंतर. दोन धातूचे पत्रे जवळ आले की त्यांचा कॅपॅसिटर होतो, हे बारावीत शिकवतात आणि परीक्षेनंतर आपण विसरतो. पडदा हलला की अंतर बदललं, अंतर बदललं की कॅपॅसिटरची क्षमता बदलली, ती बदलली की डबीचा सूर किंचित ढळला, सूर ढळला की परत जाणाऱ्या लहरीचा जोर कमीजास्त झाला. हा कमीजास्त होणारा जोर म्हणजेच साहेबांचं बोलणं. आकाशवाणीची मीडियम वेव्ह केंद्रं आवाज पाठवतात ती याच तत्त्वावर. फरक एवढाच की आकाशवाणी स्वतःची वीज जाळते. इथे वीज रशियाची, शब्द अमेरिकेचे, आणि मधल्या डबीचा खर्च शून्य. आपल्याकडच्या कुठल्याही सहकारी संस्थेने हेवा करावा असा हिशेब.

त्या भूछत्राच्या डोक्यावर आणखी एक बारकावा आहे आणि तो मला सगळ्यात आवडतो. त्यावर एकात एक वर्तुळं आणि मध्यापासून कडेला जाणाऱ्या चिरा कोरलेल्या होत्या. शोभेसाठी नव्हे. पडदा आणि डोकं इतके जवळ असले की मधली हवा उशीसारखी अडते आणि पडद्याला मोकळं हलू देत नाही. चिरांमुळे त्या हवेला इकडेतिकडे सरकायला वाट मिळते. बोटाच्या पेरात मावणाऱ्या, जन्मभर कुणाला दिसणार नाही अशा जागी कुणीतरी हवेला ये-जा करायला बोळ ठेवली होती. नगररचना खात्यातल्या लोकांनी हे भूछत्र अवश्य पाहावं.

आणि झोत बंद केला की? डबी मेली. नुसतं तांबं. तपासणीचं पथक घरात शिरलं की पलीकडच्याने बटण बंद करायचं, पथक गेलं की चालू. तिला शोधायचं तर झोत चालू असताना, बरोबर त्याच लहरीवर कान लावून बसायला हवं. त्याला सात वर्षं आणि एक भोचक ब्रिटिश लागला.

हा प्रकार ज्याने रचला त्याचं नाव लेव्ह तेर्मेन. १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जन्म. १९२० च्या सुमारास त्याने एक वाद्य काढलं जे वाजवताना हात लावायचाच नाही. दोन अँटेनांसमोर हवेत हात हलवायचे. एक हात सूर ठरवतो, दुसरा आवाजाची पातळी. हे वाद्य आज थेरेमिन म्हणून ओळखलं जातं आणि त्याचा आवाज जुन्या भुताखेतांच्या इंग्रजी सिनेमांत ऐकू येतो. आपल्याकडे जन्मलं असतं तर सोवळ्यातलं वाद्य म्हणून देवळात पहिलं शिरलं असतं. १९२२ मध्ये तेर्मेनने ते लेनिनला वाजवून दाखवलं, लेनिनने स्वतःही हात हलवून पाहिले. १९२७ च्या अखेरीस तो अमेरिकेत गेला, न्यूयॉर्कमध्ये गाजला, लव्हिनिया विल्यम्स या आफ्रिकन-अमेरिकन नर्तकीशी लग्न केलं. १९३८ मध्ये अचानक रशियात परतला. स्वखुशीने की उचलून नेलं, यावर अजून वाद चालतो. वर्षभरात अटक, कोलिमाच्या छावणीत रवानगी, आणि तिथून शास्त्रज्ञ कैद्यांसाठीच्या गुप्त प्रयोगशाळेत. तिथे विमानं रचणारे तुपोलेव आणि पुढे अवकाशयानं उडवणारे कोरोल्योव हेही कैदीच होते. भारी प्राध्यापकवर्ग, फक्त दाराला कुलूप बाहेरून.

तिथे बसून तेर्मेनने हा गरुड ऐकता केला. शिवाय ‘बुरान’ नावाची दुसरी युक्ती काढली. बोलण्याने खिडकीची काच थरथरते, तिच्यावर दुरून अवरक्त किरण टाकून परत येणाऱ्या किरणातून बोलणं काढायचं. १९४७ मध्ये त्याला स्टालिन पारितोषिक मिळालं. अटकेतून सुटका आणि पारितोषिक ही जोडगोळी त्या राज्यात फार कमी जणांच्या वाट्याला आली. वाद्य असो, गरुड असो की खिडकीची काच, या माणसाने आयुष्यभर एकच शोध लावला. हात न लावता काम कसं काढायचं. १९९३ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी तो गेला, सोव्हिएत संघाला पुरून उरून.

अमेरिकनांना डबी उलगडेना म्हणून ती ब्रिटनला गेली. तिथे मार्कोनी कंपनीतला पीटर राइट हा शास्त्रज्ञ तिच्यामागे लागला. पडदा आधीच्या हाताळणीत फाटला होता, तो त्याने नवा बसवला. बरेच आठवडे झटून ८०० मेगाहर्ट्झच्या झोतावर डबी बोलती केली. मूळ झोत नेमका किती मेगाहर्ट्झचा होता यावर जाणकारांचं आजही एकमत नाही. रशियन सांगणार नाहीत. राइट पुढे एमआय ५ या ब्रिटिश हेरखात्यात गेला आणि निवृत्तीनंतर ‘स्पायकॅचर’ हे पुस्तक लिहून बसला. ते छापू नये म्हणून ब्रिटिश सरकार ऑस्ट्रेलियातल्या कोर्टात गेलं आणि हरलं. राइटच्या बाजूने लढलेला तरुण वकील माल्कम टर्नबुल पुढे ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकलेला माणूस शेवटी बोलायला लागला की सरकारला कापरं भरतं, हे कुठल्याही देशात खरं.

अमेरिकेने ही गोष्ट आठ वर्षं पोटात ठेवली. का? लाज वाटली म्हणून असेल, पण एक कारण अगदी घरगुती आहे. पाककृती हाती लागली की ती लगेच गावभर सांगायची नसते, आधी स्वतः करून बघायची असते. ब्रिटिशांनी ‘सॅटर’ नावाने आपली आवृत्ती केली. सीआयएने नेदरलँड्समधल्या नोर्डवाइकच्या रडार प्रयोगशाळेला ‘ईझी चेअर’ नावाने काम दिलं.

मग १ मे १९६० ला सोव्हिएत आकाशात अमेरिकेचं यू-टू टेहळणी विमान पाडलं गेलं, वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत सापडला, आणि सोव्हिएत संघाने सुरक्षा परिषदेत अमेरिकेच्या हेरगिरीचा निषेध करणारा ठराव आणला. २६ मेला अमेरिकेचे प्रतिनिधी हेन्री कॅबट लॉज यांनी सभेत ती राजमुद्रा आणली आणि आत काय होतं ते सगळ्यांना दाखवलं. म्हणजे काय, तर आमचा माणूस तुमच्या आकाशात होता हे खरं, पण तुमचा कान आमच्या भिंतीवर होता. ठराव सात विरुद्ध दोन मतांनी पडला, सिलोन आणि ट्युनिशिया तटस्थ राहिले. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ‘तुमची बाल्कनी आधी बघा’ म्हटल्यावर विषय जसा मिटतो, तसाच मिटला.

गरुड गेला, पण त्याचं घराणं वाढतच राहिलं. मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीवर सोव्हिएत मंडळी १९५० च्या दशकापासून वर्षानुवर्षं मायक्रोवेव्ह लहरी सोडत राहिली. तिथल्या कर्मचाऱ्यांना हे १९७६ मध्ये सांगण्यात आलं. तोवर ते रोज ऑफिसला येत, डबा खात, लहरी अंगावर घेत. लहरी कशासाठी होत्या यावर बरेच तर्क झाले, भिंतीतल्या अशाच डब्यांना जागं करण्यासाठी असाव्यात हाही एक. आणि २०१३ च्या डिसेंबरात जर्मनीच्या ‘डेर श्पीगल’ने अमेरिकेच्या एनएसए या संस्थेचं हेरगिरीच्या सामानाचं कॅटलॉगच छापलं. त्यात याच तत्त्वावरच्या वस्तूंचं एक अख्खं कुटुंब होतं. रडारच्या झोतावर जागं होणारे, स्वतःचं फार काही न खर्चणारे छोटे तुकडे. एक खोलीतलं बोलणं पकडणारा, एक मॉनिटरवरचं चित्र बाहेर पाठवणारा. किंमत एकेकाची तीस डॉलर. आणि त्या कुटुंबाला एनएसएच्या मंडळींनी ठेवलेलं नाव ‘अँग्री नेबर’. जगातल्या सगळ्यात गुप्त कचेरीत बसून, अब्जावधींचं अंदाजपत्रक हाताशी असताना, ऐकत राहणारी वस्तू म्हणून त्यांना शेवटी चिडका शेजारीच आठवला. दादर काय आणि मेरीलँड काय, अनुभव सारखाच.

तुमच्या-आमच्याकडेही या घराण्यातला एक सदस्य आहे, आणि तो गाडीच्या काचेवर चिकटवलेला आहे. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. टोलनाक्यावरच्या कमानीतून ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी त्यावर पडतात, त्यांच्याच ऊर्जेवर आतली चिप जागी होते आणि परतणाऱ्या लहरीत आपला नंबर मिसळून पाठवते. राइटने डबी बोलती केली ती ८०० वर, म्हणजे नात्यातलंच प्रकरण. घाबरू नका, फास्टॅग तुमचं बोलणं ऐकत नाही. त्यात थरथरणारा पडदाच नाही. टोलच्या रांगेत आपण सरकारविषयी, रस्त्याविषयी आणि पुढच्या ड्रायव्हरच्या घराण्याविषयी जे बोलतो ते सगळं गाडीतच राहतं. फक्त एका गोष्टीचं नवल वाटतं. १९४५ साली रशियनांना बंद घरातल्या राजदूताचं बोलणं रस्त्यापलीकडून ऐकू यायचं. आज काचेवर, डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर लावलेला टॅग वाचायला एक मुलगा हातात स्कॅनर घेऊन येतो, ‘साहेब, जरा मागे घ्या’ म्हणतो, मग ‘जरा पुढे’ म्हणतो, आणि मागून पंचवीस गाड्या हॉर्न वाजवतात. याला शास्त्रीय कारण आहे. काही गाड्यांच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, तो लहरीही अडवतो. टॅग त्या थरामागे लागला की मुका. टॅग लावताना कंपनीने काचेवर जी ठिपक्यांची मोकळी जागा ठेवलेली असते तिथे लावा. ही माहिती उपयोगाची आहे, म्हणून एवढ्या हेरगिरीत मध्येच सांगून टाकली.

गरुडाची प्रतिकृती आज अमेरिकेत मेरीलँडमध्ये, फोर्ट मीडजवळच्या नॅशनल क्रिप्टोलॉजिक म्युझियममध्ये आहे. पुढचा भाग उघडून आतली डबी बघता येते. लेक-जावई किंवा मुलगा-सून त्या बाजूला असतील आणि सहा महिन्यांच्या मुक्कामात मॉल, मंदिर आणि आउटलेट संपले असतील, तर त्यांना म्हणावं, एक शनिवार इकडे गाडी वळवा. प्रवेश फुकट आहे.